काकूंच्या फोनची दुसरी पायरी

काकू खोटं बोलायला शिकल्या त्या साठी उलटल्यावर, आणि तेही सरकारी अनुदानावर. हसू नका, अगदी खरं सांगतोय. त्याआधीचं सगळं आयुष्य त्यांनी टेलिफोन खात्याच्या चौकशी टेबलावर काढलं. कानाला यंत्र, समोर दिव्यांची फळी, आणि दिवसभर एकच पालुपद, 'थांबा हं, जोडून देते.' आवाज असा गोड की भांडायला फोन केलेला माणूस शेवटी त्यांचीच विचारपूस करून फोन ठेवायचा. लाइन आज दुरुस्त होणार नाही हे ठाऊक असताना 'होईल हं आज' एवढी साधी थापसुद्धा या बाईला कधी मारता आली नाही. साहेब लोक कपाळाला हात लावायचे, पण करतात काय?

निवृत्त झाल्यावर घर खायला उठलं. घरात माणसं दोनच. एक काकू आणि दुसरे त्यांचे यजमान. यजमान बस खात्यात तिकीट तपासनीस होते, आणि गल्लीत अजूनही सगळे त्यांना तपासनीसच म्हणतात. ज्याचा सगळा जन्म चालत्या बसमध्ये चढून 'तिकीट दाखवा' म्हणण्यात गेला, तो माणूस घरी बसल्यावर कोणाला तपासणार? दूधवाल्याला, पोस्टमनला आणि बायकोला. 'कडी लावली का? नळ बंद केला का? दाराशी कोण होतं?' दिवसभराचं बोलणं एवढंच. बाकीचा वेळ तोंडासमोर पेपर. 'मला फसवणारा अजून जन्माला यायचाय,' हे वाक्य मात्र दिवसाआड ऐकवायचे. जेवण कसं झालंय, तुला बरं वाटतंय का, असलं काही त्या तोंडातून निघेल तर शपथ.

मध्यंतरी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. पळायचं नाही, जिने चढायचे नाहीत, गोळ्यांची डबी कायम खिशात ठेवायची, असं डॉक्टरांनी बजावलं. नियम म्हटला की तपासनिसांना देवासारखा. डबी खिशातून हलली नाही. आंघोळीला जातानाही डबी खिडकीत आणि नजर डबीवर.

अशात जवळच्या कॉलेजला सरकारचं अनुदान मिळालं. सायबर सुरक्षेच्या विभागातल्या एका प्राध्यापक बाईंनी ते खटपट करून आणलं होतं. फोनवरून लोकांना कसं फसवतात, कोण फसतं, का फसतं, याचं संशोधन करायचं, आणि त्यातून निघेल ते शाळा-कॉलेजांतून शिकवायचं, असा दुहेरी बेत. काम असं, की आपणहून नाव नोंदवलेल्या लोकांना एक गुपित आकडा द्यायचा. 'हा कोणालाही सांगायचा नाही' म्हणून बजावायचं. मग पुढच्या वर्षभरात कधीतरी, काहीतरी सोंग घेऊन फोन करायचा आणि तो आकडा काढून घ्यायचा. फोन करायला या मॅडमना सराईत माणूस हवा होता. विद्यार्थी करून बघत होते, पण ते पाठ केल्यासारखे बोलायचे आणि पलीकडची माणसं पहिल्या वाक्यालाच फोन आपटायची.

काकूंनी जाहिरात वाचली आणि गेल्या. पहिल्याच फोनला त्यांनी काय करावं? आकडा मागायच्या आधीच 'माफ करा हं, हे सगळं खोटं आहे' म्हणून मोकळ्या झाल्या! मॅडम डोक्याला हात लावून बसल्या. पण त्यांच्या लक्षात आलं, की 'माफ करा' म्हटल्याबरोबर पलीकडचा माणूस विरघळला होता. झालं! तेच काकूंचं हत्यार ठरलं. 'तुम्हाला त्रास देतेय, माफ करा हं,' म्हणायचं आणि गप्प बसायचं. गप्प बसलं की माणूस आपणहून बोलतो, हे चौकशी टेबलावर जन्म काढलेल्या बाईला कोणी शिकवायला नको. बघता बघता काकू विभागातल्या अट्टल चोर झाल्या. पोरं त्यांना बघून पाकिटं सांभाळायची नाटकं करायची, आणि काकू लाजून लाल व्हायच्या, पण आतून खूश.

दोन गोष्टी आत्ताच सांगून ठेवतो. एक म्हणजे आवाज बदलायचं यंत्र. लोकांचा विश्वास बाईच्या आवाजावर जास्त बसतो की पुरुषाच्या, हेही तपासायचं होतं. म्हणून काही दिवस काकूंच्या टेबलावरचं बटण फिरवलं जायचं आणि त्यांचं बोलणं पलीकडे जाड्या पुरुषी आवाजात पोचायचं. दुसरी म्हणजे काकूंचा उजवा कान. तो हळूहळू गेला होता. कोणाला सांगितलं नव्हतं. फोनवरच्या बाईचा कान गेला म्हटल्यावर तिला कोण ठेवणार? हेडफोन त्या डाव्या कानालाच लावायच्या. कोणी विचारलंच तर 'उजवा तापतो हो' म्हणून वेळ मारून न्यायच्या. म्हणजे सराव झालाच होता म्हणा थापांचा.

घरी तपासनीस वैतागलेले. 'सरकारच्या पैशाने चोऱ्या शिकवतात! उद्या खिसे कापायचा वर्ग काढतील!' तरी काकू रोज संध्याकाळी दिवसभराच्या गमती सांगायच्या. समोर पेपरची भिंत. भिंतीमागून फार तर 'हं' यायचं. त्याच सुमारास तपासनिसांनी आपली खुर्ची खिडकीपासून उचलली आणि काकूंच्या डाव्या हाताला आणून ठेवली. तिथे उजेड नाही, वारा नाही, आणि काकूंची शिवणाची टोपली ठेवायची जागा गेली ती वेगळीच.

"उजेड सोडून इथे कशाला तडमडलात?" काकूंनी विचारलं.

"तिथे ऊन लागतं," ते म्हणाले. विषय संपला.

एका संध्याकाळी काकू फारच हिरमुसून आल्या. सत्तरी ओलांडलेले पुरुष या अभ्यासात नाव नोंदवायलाच तयार नव्हते. जो तो म्हणायचा, मला कोण फसवणार? आणि अनुदान खात्याने तर कळवलं होतं, की म्हातारी माणसं पुरेशी नसतील तर पुढच्या वर्षीचा हप्ता थांबवू. हप्ता थांबला की फोनची खोली बंद, आणि काकू परत घरात. "आपल्याला तर बाई रडूच येईल," काकू पेपरच्या भिंतीला म्हणाल्या.

"हं," भिंत म्हणाली.

पुढे काही आठवड्यांनी अनुदान खात्याच्या निरीक्षक बाई पाहणीला आल्या. करड्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या, हातात पेन्सिल. त्या मॅडमना म्हणाल्या, "मला आकडेवारी नको. एक पूर्ण फोन ऐकायचाय, सुरुवातीपासून शेवटपर्यंत." या बाईंच्या एका शेऱ्यावर पुढचं वर्ष अडकलेलं! त्यांनी काकूंना डोळ्यांनीच विनवलं. काकूंनी स्वेटरच्या बाह्या सावरल्या, हेडफोन डाव्या कानाला लावला. त्या दिवशी यंत्र पुरुषी आवाजावर होतं. यादीतला पुढचा नंबर संगणकच लावायचा. काकूंसमोर नाव येत नसे, फक्त 'पुरुष, सत्तरीपुढचा' एवढंच दिसे. आला बाई एक तरी म्हातारा, असं त्यांच्या मनात येतंय तोवर पलीकडून आवाज आला.

"हॅलोऽ."

अहो, हे 'हॅलो' तिकीट मागितल्यासारखं म्हणणारा माणूस या पृथ्वीतलावर एकच आहे! हे इथे कसे? यांनी नाव नोंदवलं? कधी? कशासाठी? 'कशासाठी' म्हणताना त्यांना ती संध्याकाळ आठवली, ते 'हं' आठवलं, आणि त्या थक्क होऊन बसल्या.

नियम स्वच्छ होता. ओळखीचं माणूस निघालं तर लाल बटण दाबायचं, फोन बंद. काकूंचा हात बटणापर्यंत गेलासुद्धा. पण शेजारी निरीक्षक बाई पेन्सिल सरसावून बसल्या होत्या. आणि खरं सांगायचं तर तेवढंच कारण नव्हतं. काकूंना खोडी काढायची लहर आली. जन्मभर ऐकलंय ना, मला फसवणारा जन्माला यायचाय म्हणून? बघू तरी! बटणावरचा हात मागे आला. इथेच चुकलं.

"नमस्कार साहेब. पार्सल कचेरीतून बोलतोय. तुम्हाला त्रास देतोय, माफ करा. तुमच्या नावाने एक पार्सल अडकलंय."

"माझ्या नावाने? मला कोण पाठवतंय? माझ्या नावाने आजवर फक्त बिलं आली."

"पाठवणाऱ्याचं नाव पुसट झालंय साहेब. तुमच्याकडे एक गुपित आकडा असेल, तेवढा सांगितलात की लगेच सोडतो."

"सांगतो की. आधी तुम्ही सांगा, तुमची कचेरी कितव्या मजल्यावर?"

"पहिल्या."

"खिडकीतून काय दिसतं?"

काकू गडबडल्या. "रस्ता दिसतो साहेब."

"रस्ता सगळ्यांनाच दिसतो. रस्त्यावर काय दिसतं? विचार करताय? अहो, खिडकीशी बसलेल्या माणसाला विचार करावा लागत नाही. उतरा खाली!"

निरीक्षक बाईंना हसू आवरेना. मॅडमचा चेहरा खुलला. काकूंना तर हसू दाबताना ठसका लागला. काय माणूस आहे हा! आणि हे असलं गमतीदार बोलणं घरात का सांडत नाही एखाद्या दिवशी?

मॅडमनी दोन बोटं दाखवली. म्हणजे दुसरी पायरी. पहिल्या थापेला माणूस बधला नाही तर हिच्यावर यायचं. हीही काकूंनीच बसवलेली. मॅडमच्या मसुद्यात सरळ 'अपघात' होता, तो परवानगी देणाऱ्या समितीने काढायला लावला. मग काकूंनी 'चक्कर' घातली. 'चक्कर म्हणजे कोणी फार घाबरणार नाही,' त्याच म्हणाल्या होत्या. आणि समितीची कडक अट अशी, की फोन ठेवायच्या आधी सगळं खरं सांगून टाकायचं. आजवर एकदाही ते राहिलं नव्हतं.

काकूंना वाटलं, आता तर आणखी मजा. आता म्हणतील, कोणती बाई? कोणत्या रंगाचा स्वेटर? उतरा खाली!

"साहेब, माफ करा, खरं कारण वेगळंच आहे. तुमच्या घरच्या बाई इथे आल्या होत्या, त्यांना चक्कर आली. दवाखान्यात नेलंय त्यांना. तिथे तुमचा आकडा मागतायत."

पलीकडून खुर्ची पडल्याचा आवाज आला.

"कशी आहे?"

हा आवाज काकूंनी कधी ऐकला नव्हता. इतक्या वर्षांच्या संसारात नाही, ऑपरेशनला आत नेताना नाही.

"शुद्धीवर आहे का ती? बोलतेय का?"

काकूंच्या तोंडून सवयीने पुढचं वाक्य गेलं, "साहेब, आकडा..."

"घ्या, घ्या, लिहून घ्या." आणि त्यांनी आकडा सांगितला. खडाखडा सांगितला, आणि न विचारता परत सांगितला. "घेतलात ना? आता सांगा, कुठे आहे ती? तिला एकटीला ठेवू नका हो. तिला दवाखान्याची भीती वाटते, सांगत नाही ती कोणाला. तुम्ही भले माणूस दिसता, मी येईपर्यंत जरा तिच्याजवळ थांबाल का?"

एका शब्दाची तपासणी नाही! जो माणूस दूधवाल्याची खोट काढतो, त्याने एका अनोळखी चोराचे पाय धरले होते. "अहो," काकू ओरडल्या, "अहो, मी आहे! मला काही झालेलं नाही! मी बरी आहे हो, इथेच आहे!"

आणि यंत्रातून पलीकडे काय गेलं? एका जाड्या पुरुषाचा आवाज. 'अहो, मी आहे.' 'मी बरी आहे हो.'

"कोण? कोण बोलतंय?"

"अहो मीच! ऐका ना, तुमची बायको!"

"नालायका!" तपासनीस गरजले, आणि मग त्यांचा आवाजच फुटला. "माझी बायको तिकडे पडलीय आणि तू तिची नक्कल करतोस?"

काकू यंत्राचं बटण शोधत होत्या. भलतंच बटण फिरत होतं. हेडफोनमध्ये धाडकन काहीतरी आदळलं. फोन बंद झाला नव्हता, नुसता फेकला गेला होता, कारण त्यानंतरचं सगळं नीट ऐकू आलं. धावती पावलं. दाराची कडी. मग काही नाही, फक्त स्वयंपाकघरातला नळ टपटपत होता. तो नळ तपासनीस दिवसातून दहादा पिळून बंद करायचे.

निरीक्षक बाईंच्या हातातली पेन्सिल तशीच वर राहिली होती. "ते कोण होते?" त्यांनी विचारलं.

"आमचे हे," काकू म्हणाल्या, आणि त्यांना रडताही येईना.

स्वतःच्या फोनवरून लावावा तर तिकडची लाइन गुंतलेली, कारण फेकलेला फोन चालूच होता. शेजारणीला लावला. ती बघून येऊन म्हणाली, "काकू, दार सताड उघडं आहे हो. काका नाहीत. आणि टेबलावर गोळ्यांची डबी दिसतेय."

डबी टेबलावर! ऑपरेशन झालेला माणूस, डबीशिवाय, धावत सुटलेला, आणि सुटलाय कोणामुळे? मॅडमनी गाडीची किल्ली उचलली. फाटकाशी पहारेकरी सावकाश कुलूप काढत होता, त्याच्यावर त्या कधी नव्हे ते खेकसल्या, "लवकर उघडा हो, दवाखान्यात जायचंय!" पहारेकऱ्याने गाडीत डोकावून काकूंचा पांढराफटक चेहरा पाहिला आणि घाईघाईने फाटक ढकललं.

ज्या मोठ्या दवाखान्यात तपासनिसांचं ऑपरेशन झालं होतं तिथेच ते जाणार, असं काकूंना वाटलं. दुसरा दवाखाना त्यांना माहीत कुठला? दोघी तिथे पोचल्या. चौकशीच्या खिडकीत विचारलं, बाकांवर पाहिलं, जिन्याखाली पाहिलं. नाहीत. मग घर. घरी शेजारीण दारात बसलेली, बाकी सगळं सुनसान. काकूंनी खाली पडलेली खुर्ची पाहिली. ती उचलायचंही त्यांना सुचलं नाही. टेबलावरची डबी तेवढी मुठीत घेतली. रस्त्यात कुठे पडले असतील का? कोणी पाणी तरी पाजलं असेल का? गाडीत बसल्या बसल्या त्या स्वतःलाच बोल लावत होत्या. "माझी हौस! माझी मेलीची हौस!"

तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला. पहारेकरी.

"मॅडम, काकूंचे यजमान आले होते इथे. फार दमले होते. काकू कुठे आहेत म्हणून विचारत होते."

"मग? थांबवलंत ना त्यांना?"

"मी सांगितलं, काकूंना आत्ताच गाडीतून दवाखान्यात नेलं म्हणून. चेहरा अगदी पांढरा पडला होता म्हटलं. ते तसेच पळाले."

आता यात पहारेकऱ्याचं काय चुकलं, सांगा! बिचारा शब्दन् शब्द खरं बोलला होता. काकूंची थाप कदाचित तपासनिसांच्या डोक्यातून उतरलीही असती, फाटकाशी येईपर्यंत त्यांनी विचार केला असता, खिडकीतून काय दिसतं ते आठवलं असतं. म्हणून तर आधी कॉलेजात आले होते, खातरजमा करायला. जन्माचे तपासनीस ते! आणि तिथे त्या खोट्यावर पक्का शिक्का बसला.

गाडी परत दवाखान्याकडे. या वेळी मॅडम आणि काकू आत शिरल्या आणि काकू जागच्या जागी थबकल्या. चौकशीच्या खिडकीशी पाठमोरे तपासनीस उभे होते. घरातला सदरा घामाने चिकटलेला. एका पायात त्यांची चप्पल, दुसऱ्यात काकूंची. एक हात खिडकीच्या फळीवर घट्ट रोवलेला, बहुतेक पडू नये म्हणून.

"अशा कोणी बाई आलेल्या नाहीत, आजोबा," आतला कारकून म्हणत होता.

"नीट बघा हो. करडा स्वेटर आहे, वरचं बटण लोंबतंय. ठेंगणी आहे. काही विचारलंत तर बरी आहे म्हणेल, तिचं ऐकू नका, नीट तपासा. आणि हे लिहून ठेवा, डॉक्टरांना सांगा. तिला उजव्या कानाने ऐकू येत नाही. तिने कोणाला कळू दिलेलं नाही, तुम्हीही कळलंय असं दाखवू नका, तिला वाईट वाटेल. फक्त डाव्या बाजूने बोला. डाव्या बाजूने बोललं की तिला सगळं कळतं."

काकूंना ते डाव्या कानाने स्वच्छ ऐकू आलं. त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या मॅडमनाही ऐकू आलं, पण त्याची काकूंना आता फिकीर नव्हती. खुर्ची! उजेड सोडून, वारा सोडून, डाव्या हाताला आणून ठेवलेली ती खुर्ची! आणि आपण टोपलीच्या जागेसाठी कितीदा पुटपुटलो!

"अहो," काकू म्हणाल्या. या वेळी आवाज त्यांचाच होता.

तपासनीस वळले. त्यांनी काकूंना डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, परत पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मग हात पुढे करून स्वेटरचं लोंबतं बटण धरलं, जणू तेवढ्यावरून खात्री पटणार होती.

"चक्कर?" ते म्हणाले.

"नाही आली. कधीच नाही आली."

"मग तो माणूस?"

"तो माणूस मीच होते."

त्यांना ते कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा ते बाकावर बसले, बसले म्हणजे खाली बाक होतं म्हणून बसले म्हणायचं. काकूंनी डबी उघडून गोळी त्यांच्या जिभेखाली ठेवली. मॅडम धावत जाऊन डॉक्टरांना घेऊन आल्या. तपासनिसांना आत नेलं, तारा लावल्या, हृदयाच्या ठोक्यांची पट्टी काढली. धोका नाही पण संध्याकाळपर्यंत इथेच राहू दे, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा कुठे काकूंचा जीव भांड्यात पडला आणि त्या पडदा धरून हमसून हमसून रडल्या.

तपासनीस छताकडे बघत होते. मग त्यांनी हाक मारली. काकू वाकल्या. आता बोलणार, आता जन्माचं ऐकवणार, आणि आपण ऐकून घ्यायचं, असं त्यांनी ठरवलं.

"मी बसमध्ये तिकीट काढलं नाही," तपासनीस दबक्या आवाजात म्हणाले. "दोन्ही बसमध्ये. पाकीटच नव्हतं."

काकूंना रडता रडता हसू फुटलं आणि हसता हसता पुन्हा रडू फुटलं. तपासनीस मात्र हसत नव्हते. त्यांना खरंच लाज वाटत होती.

ते बरे होऊन हिंडायला लागल्यावर दोघं कॉलेजात गेली. दुसरी पायरी तोवर बंद झाली होती. काकूंनी स्वतःच्या हाताने ती संहितेतून काढली आणि मॅडमना आपलं काय चुकलं तेही सांगितलं. निरीक्षक बाई मुद्दाम पुन्हा आल्या होत्या. पुढच्या वर्षीच्या हप्त्याला त्यांनी मान्यता दिली होती, फोन करण्याचे नियम मात्र कडक करून. आता प्रश्न राहिला होता त्या दिवशीच्या ध्वनिमुद्रणाचा. ज्याचा आवाज त्याची मर्जी, असा नियम. त्याने 'पुसा' म्हटलं तर पुसायचं, 'ठेवा' म्हटलं तर नाव कापून शाळांमधून ऐकवायचं.

"पुसून टाका म्हणा हो," काकू घरून निघाल्यापासून विनवत होत्या. त्यांना तो 'कशी आहे?' पुन्हा ऐकवत नव्हता.

तपासनिसांनी पूर्ण मुद्रण ऐकलं. 'उतरा खाली'ला किंचित मिशीत हसले. पुढे स्वतःला आकडा सांगताना ऐकलं तेव्हा त्यांची मान खाली गेली. यंत्रातला तो पुरुष 'अहो, मी आहे' म्हणाला तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले.

"ठेवा," ते म्हणाले. "पोरांना ऐकवा."

मॅडमनी मान डोलावली. मग प्रत्येकाला विचारायचा असतो तो शेवटचा प्रश्न त्यांनी जरा चाचरतच विचारला. "असा फोन पुन्हा आला तर तुम्ही काय कराल?" या प्रश्नाला आजवर सगळ्यांनी एकच उत्तर दिलं होतं, फोन ठेवून देईन.

"आकडा देईन," तपासनीस म्हणाले.

मॅडमना वाटलं त्यांना प्रश्न कळला नाही. "नाही, म्हणजे आता तुम्हाला ठाऊक आहे ना, असे फोन खोटे असतात..."

"ठाऊक आहे. खोटा असेल हे ठाऊक असूनही देईन. खोटा निघाला तर काय होईल? आकडा जाईल. आणि खरा निघाला, आणि मी खिडकीतून काय दिसतं ते विचारत बसलो, तर?"

निरीक्षक बाई पेन्सिल खाली ठेवून नुसत्या बघत राहिल्या. हे सगळं तपासनीस खोलीच्या भिंतीकडे बघून, अगदी हलक्या आवाजात बोलले होते. पण ते काकूंच्या डाव्या बाजूला बसले होते, त्यामुळे काकूंना एकूणएक शब्द ऐकू आला.